‘ती वर्गात नुसतं पाणीच ओतत बसते’

‘‘आज काय शिकलीस?’’
‘‘काही नाही. पाणी ओतलं.’’

महिनाभर हेच उत्तर ऐकून कंटाळलेले आईबाबा माझ्याकडे आले. मुलगी चार वर्षांची. बालवर्गात वह्या नाहीत, गृहपाठ नाही, काय करायचं ते मुलांनीच निवडायचं. ही पद्धत आवडली म्हणूनच त्यांनी तिला तिथे घातलं होतं. पण शेजारच्या मुलाने पन्नासपर्यंत अंक लिहून दाखवले आणि बाबांचा धीर सुटला. आईच्या मनात वेगळंच होतं. ‘‘बाकीची मुलं खेळतात आणि ही पुष्कळदा नुसती उभी राहून बघते. हिला जमत नाही का?’’

‘नुसतं खेळवतात, शिकवत काहीच नाहीत’ ही तक्रार माझ्याकडे सारखी येते, म्हणून ओळखीचे तपशील बदलून हे लिहिते आहे.

शाळेच्या परवानगीने एक सकाळ मी त्या वर्गात कोपऱ्यात बसून काढली. पाण्याच्या टबापाशी एक उंच बाटली, पसरट वाडगा, नरसाळं आणि पेले ठेवलेले होते. हिने पेले मोजत बाटली भरली, मग सगळं पाणी वाडग्यात ओतलं आणि जाहीर केलं, ‘‘कमी झालं.’’ शेजारचा मुलगा म्हणाला, ‘‘नाही झालं.’’ दोघांची जुंपली. ताईंनी निवाडा केला नाही. ‘‘परत बाटलीत ओतलं तर कुठपर्यंत येईल?’’ एवढंच विचारून त्यांनी तिच्या हातात एक रबरबँड दिला. तिने तो बाटलीवर गळ्याच्या बराच खाली चढवला आणि ओतायला लागली. पाणी रबरबँडच्या वर गेलं. तिने बाटलीकडे पाहिलं, वाडग्यात डोकावून पाहिलं, मग जमिनीवरचे ओघळ दिसल्यावर म्हणाली, ‘‘थोडं इथे सांडलं, तरी एवढं!’’ फडकं आणून तिने स्वतःच पुसलं, पिळलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी बाटली टबात उभी करून, म्हणजे सांडलेलं वाया जायला नको.

भांड्याचा आकार बदलला तरी पाणी तेवढंच राहतं, हे या वयाच्या बहुतेक मुलांना पटत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हे प्रयोगांतून दाखवलं. ही समज सहसा सहा-सात वर्षांच्या आसपास येते आणि निव्वळ सांगून ती पक्की होत नाही. तेच ते पुन्हा करण्याचंही नवल नको. इटालियन डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये रोममध्ये पहिलं ‘बालगृह’, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. तिथली तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे खाचांत बसवण्याचं काम चाळीसहून अधिक वेळा करत राहिली. तिला खुर्चीसकट उचलून ठेवलं तरी ती थांबली नाही.

आता आईचा प्रश्न. ठोकळ्यांच्या कोपऱ्यापाशी ही खरंच बराच वेळ उभी होती. पण बांधणाऱ्या मुलांना ती विचारत होती, ‘‘हे पडलं तर?’’ अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 मध्ये बालवर्गातल्या खेळाचे प्रकार मांडले, त्यात दुसऱ्यांचा खेळ लक्ष देऊन पाहणं हा एक स्वतंत्र प्रकार आहे, रिकामं बसण्याहून वेगळा. त्या दिवशी ती त्या मुलांत गेली नाही, आणि ताईंनीही तिला ढकललं नाही.

बाबा म्हणाले, ‘‘ते ठीक, पण लिहिणार कधी?’’ त्यांना सांगितलं, की पेन्सिल धरायची तीन बोटांची पकड साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान बसते. ओतणं, पिळणं, नरसाळं धरणं यांत तेच हात तयार होत असतात.

मात्र ‘मुलं खेळातून शिकतात’ या वाक्याआड काही शाळा निव्वळ दुर्लक्ष लपवतात, हेही खरं. म्हणून पालकांना मी एक प्रश्न देते. ताईंना विचारा, ‘‘या आठवड्यात ती कशात रमली, आणि त्यावरून तुम्ही पुढे काय मांडलंत?’’ या ताईंच्या वहीत पाण्याच्या वादाची नोंद होती आणि पुढच्या आठवड्यासाठी सारख्या मापाच्या वेगवेगळ्या आकारांच्या बाटल्या काढून ठेवलेल्या होत्या. उत्तर ‘छान खेळते हो’ एवढंच आलं असतं तर मी बाबांची बाजू घेतली असती. आणि मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल, चौथ्या वर्षीही त्याचं बोलणं परक्या माणसाला कळत नसेल, किंवा आधी येणाऱ्या गोष्टी विसरू लागलं असेल, तर शाळेची चर्चा बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

घरी ‘काय शिकलीस’ऐवजी ‘पाणी सांडलं का? मग काय केलंस?’ असं विचारायला मी सुचवलं. आईच्या सांगण्यानुसार आता उत्तर संपता संपत नाही. बाबा अजून रविवारी तिला अंक गिरवायला बसवतात. ती उठली की उठू द्यायचं, एवढी अट त्यांनी मान्य केली आहे. माझी हरकत नाही.