कोंबडीतले बेचक्यासारखे हाड डायनासोरमध्येही होते का?

आपण विचारले आहे की, कोंबडीच्या छातीपुढचे इंग्रजी व्ही अक्षरासारखे हाड डायनासोरमध्येही होते का, आणि असल्यास न उडणाऱ्या प्राण्याला त्याचा उपयोग काय. होते. टायरॅनोसॉरस, अॅलोसॉरस, व्हेलोसिरॅप्टर अशा दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनासोरांच्या जीवाश्मांत ते सापडले आहे.

मी मालवणचा. वडे-सागोतीच्या बेतात गावठी कोंबडी असली, की मानेच्या मुळाशी गलोलीच्या बेचक्यासारखे हे हाड हमखास हाताला लागते (ब्रॉयलरमध्ये ते इतके कोवळे असते, की मोडण्यातही मजा नाही). माणसाच्या गळ्याखाली ज्या दोन जत्रुका, म्हणजे कॉलरबोन, असतात, त्याच पक्ष्यात खालच्या टोकांशी जुळून हे हाड बनते.

या हाडाने शास्त्रज्ञांना बरीच वर्षे चकवले. गेऱ्हार्ट हाइलमान या डॅनिश चित्रकार-अभ्यासकाने 1926 साली इंग्रजीत आलेल्या आपल्या ग्रंथात पक्षी आणि हे डायनासोर यांच्यातील साम्य बारकाईने दाखवले. परंतु डायनासोरांना जत्रुका नव्हत्या आणि उत्क्रांतीत एकदा गमावलेला अवयव परत मिळत नाही, असे मानून त्याने पक्ष्यांचे पूर्वज दुसरीकडे शोधले. गंमत अशी, की 1924 मध्ये वर्णन झालेल्या मंगोलियातील ओव्हिरॅप्टर या डायनासोरमध्ये हे हाड होतेच, फक्त ते भलतेच हाड समजले गेले होते.

उडण्यातील त्याचे काम 1988 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. साळुंकीच्या कुळातील स्टार्लिंग पक्षी उडत असताना क्ष-किरणांनी चित्रण केले, तेव्हा पंख खाली येताना बेचक्याची टोके फाकतात आणि पंख वर जाताना स्प्रिंगसारखी पुन्हा जवळ येतात, असे आढळले. तरीही सर्वच पक्ष्यांना अशी स्प्रिंग लागत नाही. पावसाळी वादळात कधीकधी आपल्या किनाऱ्यावर भरकटत येणाऱ्या फ्रिगेट पक्ष्यात हे हाड छातीच्या हाडाशीच सांधलेले असते, तर काही पोपटांत दोन्ही जत्रुका जुळतच नाहीत, आणि तरीही ते उत्तम उडतात.

डायनासोरमध्ये दोन्ही खांदे एकमेकांशी बांधून ठेवणे, विशेषतः पुढच्या पायांनी भक्ष्य धरताना, हे त्याचे मूळ काम असावे, असे मला वाटते. कारण 20 कोटी वर्षांहून जुन्या सीलोफिसिस या डायनासोरमध्येही ते आहे, आणि त्या काळी पक्षी नावाचा प्राणीच अस्तित्वात नव्हता.