सूस, स्यूस की सॉइस?

प्रश्न असा आला आहे : भाचीच्या वाढदिवसाला 'द कॅट इन द हॅट' घेतलं. दुकानदार लेखकाला 'डॉ. स्यूस' म्हणाला, भाचीच्या बाई 'डॉ. सूस' म्हणतात आणि जर्मन शिकणारा एक मित्र सांगतो की खरा उच्चार 'सॉइस'. पुस्तकाच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून द्यायचं आहे, तर काय लिहू?

'डॉ. सूस' लिहा. पण मित्राचंही अगदी बरोबर आहे. त्याची बाजू आधी सांगते, कारण गोष्ट तिथूनच सुरू होते.

थिओडोर सूस गायझल (१९०४–१९९१) हे या लेखक-चित्रकाराचं पूर्ण नाव. जन्म अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्डला. घराणं दोन्हीकडून जर्मन. 'सूस' हे आईचं माहेरचं आडनाव. त्याच्या स्पेलिंगमध्ये ई आणि यू शेजारी येतात आणि जर्मनमध्ये या जोडीचा उच्चार 'ऑइ' होतो. आपल्याला हा उच्चार ओळखीचा आहे. फ्रॉइडच्या नावात तीच जोडी आहे, बातमीखाली रोज दिसणाऱ्या 'रॉयटर्स'मध्येही तीच. म्हणजे आजोळी 'सॉइस'च.

त्याचा पुरावाही आहे, आणि तो यमकात आहे. डार्टमथ कॉलेजातला त्यांचा सहकारी अलेक्झांडर लेंग याने चार ओळी रचल्या होत्या. त्यांत चुकीचा उच्चार 'डूस'शी जुळवलाय आणि बरोबर उच्चार 'रिजॉइस'शी. जुन्या उच्चाराचा शोध घेताना यमकासारखा साक्षीदार नाही. स्पेलिंग फसवतं, यमक फसवत नाही.

मग 'सॉइस'चं 'सूस' कसं झालं? १९२५ साली, दारूबंदीच्या दिवसांत, कॉलेजात जिन पिताना पकडले गेल्यामुळे गायझल यांना कॉलेजच्या विनोदी मासिकाचं संपादकपद सोडावं लागलं. नाव छापायची चोरी झाली, म्हणून त्यांनी चित्रांखाली नुसतं 'सूस' लिहायला सुरुवात केली. अमेरिकन वाचकांनी ते आपल्या वळणाने वाचलं. पुढे त्यांनीही तोच उच्चार स्वीकारला. तो इंग्रजी बालगीतांतल्या, मुलांच्या लाडक्या 'मदर गूस'शी जुळतो, हेही त्यांच्या पथ्यावर पडलं. 'स्यूस'चा निकालही इथेच लागतो. युरोप, न्यूट्रल यांच्या सवयीने आपण मध्ये 'य' घालतो, पण 'गूस'मध्ये 'य' कुठे आहे? 'डॉ.' मात्र हौसेने लावलेलं. ऑक्सफर्डला डॉक्टरेटसाठी जाऊन ते पदवी न घेताच परतले होते. डार्टमथने मानद डॉक्टरेट दिली ती १९५५ साली.

यमकाचा त्यांना नादच होता. 'कॅट इन द हॅट' हे १९५७चं पुस्तक नुकतं वाचायला लागलेल्या मुलांसाठी ठरलेल्या शब्दयादीतून रचलेलं आहे. सगळे मिळून वेगवेगळे शब्द २३६. यादीत सापडलेल्या पहिल्या दोन जुळणाऱ्या शब्दांवरून नाव ठेवलं, असं ते सांगत.

आता जे विचारलेलं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, ते. १९३६ साली युरोपहून बोटीने परतताना इंजिनाचा ठेका त्यांच्या डोक्यात बसला आणि त्या ठेक्यावर मुलांसाठीचं पहिलं पुस्तक झालं. त्याचं नावच ठेक्यावर म्हणून बघा : अँड-टु-थिंक, दॅट-आय-सॉ, इट-ऑन-मल, बे-री-स्ट्रीट. ल-ल-गा, ल-ल-गा, ल-ल-गा, ल-ल-गा. लघु, लघु, गुरू असा तीन अक्षरांचा गट म्हणजे सगण. चार सगण, बारा अक्षरं. हे आपलं तोटक वृत्त! तोटकाष्टक या संस्कृत स्तोत्रातलं 'विदिताखिलशास्त्रसुधाजलधे' याच चालीवर चालतं. फरक एवढाच, की आपल्याकडे गुरू अक्षर लांबवायचं, इंग्रजीत त्यावर जोर द्यायचा. हे कळलं तेव्हा मी दोन्ही ओळी एकामागून एक, टेबलावर बोटं आपटत कितीतरी वेळ म्हणत बसले होते.

या ठेक्याचं श्रेय ते आईला देत. लग्नाआधी ती तिच्या वडिलांच्या बेकरीत काम करायची आणि पुढे तिथे विकलेल्या गोड पदार्थांची नावं तालात म्हणत मुलांना झोपवायची. ज्या आजोळचं आडनाव घेतलं, ठेकाही तिथलाच.

तेव्हा पहिल्या पानावर 'डॉ. सूस' लिहा. पूर्ण नाव लिहायचं असेल तर 'गायझल'. तिथे ई-आय आहे, आइन्स्टाइनमध्ये आहे तसं. आणि भाचीला वाचून दाखवताना जोराच्या अक्षरावर टाळी द्या. 'कॅट'मधली पहिली ओळ एक अक्षर कमी घेऊन सुरू होते, तेव्हा पहिली टाळी दुसऱ्याच अक्षरावर येईल. तिथून पुढे ती दर तिसऱ्या अक्षरावर पडते.