मिशनरी म्हणून परदेशी मंडळीत (चर्चमध्ये) जातोय. तिथे रुळायला किती वेळ लागतो आणि सुरुवातीला कोणतं काम हाती घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं येत्या काही महिन्यांत निघताय, तिथली मंडळी आधीपासून उभी आहे आणि पाळकही (चर्चचे धर्मगुरू) तिथलेच आहेत. मी आणि माझे पती अशाच एका मंडळीत ११ वर्षं होतो. रुळायला आम्हाला तीन वर्षं लागली. त्यातलं निदान एक वर्ष आमच्याच चुकीने वाढलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चूक अशी, की आम्ही गेल्या गेल्या कामाला लागलो. पहिल्या महिन्यात शब्बाथशाळा (मुलांचा रविवारचा बायबल वर्ग), दुसऱ्या महिन्यात तरुणांचा बायबल अभ्यास. पाळक नको म्हणाले नाहीत, म्हणजे त्यांना हवंच आहे असं आम्ही धरून चाललो. शब्बाथशाळा एक बाई कित्येक वर्षं सांभाळत होत्या, हे मला खूप उशिरा कळलं. त्यांना कुणी काढलं नव्हतं. त्या आपणहून मागच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या, आणि मी दर रविवारी त्यांच्याकडे बघून हसत होते. कळल्यावर मी त्यांच्या घरी गेले, माफी मागितली आणि वर्ग त्यांना परत दिला. पुढे बऱ्याच महिन्यांनी त्यांनीच विचारलं, हजेरी घ्यायला येशील का? दोन वर्षं मी फक्त हजेरी घेतली. मुलांची नावं, घरं, कोण कुणाचं, सगळं मला त्या वहीतून कळलं.

तेव्हा पहिलं वर्षभर कुठलीही जबाबदारी अंगावर घेऊ नका. सेवेची तळमळ असलेल्या माणसाला हे जड जातं, मला माहीत आहे. पण खुर्च्या लावा, उपासना संपल्यावर आवराआवर करा. मी भाषा वर्गात शिकले त्यापेक्षा जास्त कप धुताना शिकले. मंडळीतल्या एक आजी धुतलेला कप माझ्या हातात देताना एक शब्द सांगायच्या. कप पुसून होईपर्यंत मी तो म्हणत राहायचं. उच्चार चुकला की कप पुन्हा पाण्यात! माझी पहिली जाहीर प्रार्थना तीन वाक्यांची होती, आणि तिसऱ्या वाक्याआधी मी अडले तेव्हा पुढचा शब्द आजींनीच हळूच पुरवला.

१९१० साली एडिनबर्गच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझारिया बोलले होते. पुढे दोनच वर्षांनी ते अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले. तिथे जमलेल्या मिशनऱ्यांना त्यांनी सांगितलं, की तुम्ही आपलं धन दिलंत, देहही झिजवलेत, पण आम्हाला प्रेमही हवं आहे, आम्हाला मित्र द्या. आपण हे वाचतो तेव्हा साहजिकच अझारियांच्या बाजूला उभे असतो. परदेशी गेल्यावर मात्र आपण त्या सभागृहातल्या खुर्च्यांवर बसलेलो असतो, आणि तेच मागणं आपल्याकडे होत असतं. मला हे उमगायला फार वेळ लागला.

लूक १० मध्ये प्रभू शिष्यांना पाठवतो तेव्हा पिशवी घेऊ नका म्हणतो, त्याच घरात राहा, पुढे वाढलेलं खा म्हणतो. म्हणजे पाठवलेला माणूस गरजवंत म्हणून दारात उभा राहतो. आम्ही मात्र सगळी तयारी करून गेलो होतो, त्यामुळे आम्हाला काही देण्याची संधीच कुणाला मिळत नव्हती. दुसऱ्या वर्षी माझे पती आजारी पडले. मंडळीतल्या बायकांनी आपसात पाळ्या लावल्या आणि रात्री माझ्यासोबत बसल्या. त्या आठवड्यानंतर लोक आमच्याशी वेगळं बोलू लागले. तुम्ही आजारपणाची वाट पाहू नका. वाट विचारा, औजार उसनं मागा, मूल सांभाळायला द्या.

एक गोष्ट कळकळीने सांगते. तुम्हाला पाठवणाऱ्या मंडळीला प्रार्थनापत्र (कशासाठी प्रार्थना करावी हे कळवणारं पत्र) लिहाल, त्यात तिथल्या कुणाची अडचण किंवा फोटो त्यांना विचारल्याशिवाय घालू नका. मी एका कुटुंबाचं दुःख नाव न घेता लिहिलं होतं. मंडळी लहान, पत्र फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचलं. त्या घराचं दार आम्हाला आठ महिने बंद होतं, आणि दोष सर्वस्वी माझा होता. त्यानंतर ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला ते आधी वाचून दाखवल्याशिवाय मी एकही ओळ पाठवली नाही.

पैशाचं थोडक्यात: कुणाला परस्पर देऊ नका, पाळक आणि मंडळीच्या पंचांमार्फतच द्या. नाहीतर कोण मित्र आणि कोण याचक, हे तुम्हालाही कळेनासं होतं आणि त्यांनाही.

आणि एक बर्णबा शोधा. शौल (पुढचा प्रेषित पौल) आधी शिष्यांचा छळ करायचा, म्हणून तो यरुशलेमला आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते, बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेऊन त्याच्याविषयी ग्वाही दिली (प्रेषितांची कृत्ये ९). आमच्यासाठी ते काम कपवाल्या आजींनी केलं. मंडळीत आमचं काय चुकतंय हे तोंडावर सांगणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

निघण्याआधी तिथल्या पाळकांना एक पत्र लिहा. आम्ही काय करू असं त्यात विचारू नका. सध्या कोण काय करतं ते विचारा, आणि ती नावं पाठ करून जा.