रॉय ब्राउन ऐकलास का?

प्रिय पोरी,

तुझं रेकॉर्डिंग काल रात्री दोनदा ऐकलं. सूर पक्का आहे, दमसासही वाढलाय. पण दुसऱ्या कडव्यात आवाज फाटल्यासारखा करतेस ना, तो तुझा नाही, कुठून तरी उचललेला आहे. रागावू नकोस. अमेरिकन गायक रॉय ब्राउनसुद्धा सुरुवातीला उसन्या गळ्यानेच गायचा.

लुइझियानाचा हा कृष्णवर्णीय पोरगा आधी मुष्टियोद्धा होता. लॉस एंजेलिसला तेव्हाचा लोकप्रिय गायक बिंग क्रॉस्बी याचं गाणं गाऊन हौशी गायकांची स्पर्धा जिंकला. क्रॉस्बी म्हणजे अगदी मऊ, घोटीव गाणं. पण रॉय लहानपणी चर्चमध्ये गायलेला होता. तिथली ती आर्त, टाहो फोडल्यासारखी हाक त्याने पुढे ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दुःखाच्या गाण्यांत, आणली आणि माणसं थबकली. बी. बी. किंग, बॉबी ब्लँड या पुढच्या ब्लूज गायकांच्या गाण्यात ती हाक ऐकू येते.

१९४७ सालची न्यू ऑर्लिन्सची गोष्ट. ‘गुड रॉकिंग टुनाइट’ हे स्वतः लिहिलेलं गाणं त्याने वायनोनी हॅरिस या तेव्हाच्या बड्या गायकाला देऊ केलं. हॅरिसने झिडकारलं. मग सेसिल गँट नावाच्या पियानोवादकाने ते ऐकलं आणि भर रात्री डीलक्स या रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला फोन लावला. रॉय त्या फोनवरच गायला! हातात नुसता रिसीव्हर. मला हे चित्र फार आवडतं. तुला आता रेकॉर्डिंगचं सामान हवंय, माइक हवाय. हवाच, पण त्यासाठी अडून बसू नकोस.

रॉयची रेकॉर्ड चालली, तेव्हा त्याच हॅरिसने ते गाणं गायलं आणि १९४८ मध्ये आर अँड बीच्या (‘रिदम अँड ब्लूज’, कृष्णवर्णीयांचं ठेक्याचं लोकप्रिय संगीत) यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीनेही गायलं. रॉयची स्वतःचीही गाणी गाजली. १९५० चं ‘हार्ड लक ब्लूज’ त्याच यादीत पहिलं आलं, ते आजच ऐक. पुढे थकलेल्या रॉयल्टीसाठी त्याने किंग रेकॉर्ड्स या कंपनीवर दावा लावला आणि जिंकला. त्या काळात कृष्णवर्णीय गायकाने असं करणं म्हणजे केवढी छाती! तरी १९५० चं दशक सरताना काम आटलं आणि हा माणूस दारोदार ज्ञानकोश विकत फिरला. मला अजून वाईट वाटतं. १९७० मध्ये जॉनी ओटिस या बँडप्रमुखाने त्याला कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या जॅझ महोत्सवात गायला उभं केलं, तेव्हा लोकांनी पुन्हा डोक्यावर घेतलं. १९८१ मध्ये तो गेला.

तुझ्याकडे आलेल्या करारावर अजून सही केली नाहीस ना? माझं पहिलं गाणं मी न वाचता सही करून दिलं, त्याचे पैसे मला कधी दिसले नाहीत. सगळी पानं, बारीक अक्षरांतलीसुद्धा, फोटो काढून पाठव. गीत आणि चाल कुणाच्या नावावर लावलीय, तेवढं आधी बघ. आणि दुसरं कडवं पुन्हा गाऊन पाठव. घरात ओट्यापाशी गुणगुणतेस, त्या आवाजात.

तुझा,
काका