घरी बिअर उकळण्यासाठी स्टँड आणि बर्नर स्वतः बनवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत येऊन दोन वर्षं झाली, घरी बिअर करायला लागलात, पण स्वयंपाकघरातल्या शेगडीवर पाच गॅलनचा घाणा उकळीला यायला दीड तास जातो. म्हणून गॅरेजबाहेर गॅसचा मोठा बर्नर आणि तीन भांड्यांचा उंच लोखंडी स्टँड बनवायचा आहे. उंची किती ठेवू, बर्नर किती बीटीयूचा (उष्णता मोजायचं इथलं एकक) घेऊ आणि वेल्डिंग येत नसेल तर अडेल का, हे तुम्ही विचारलंय.

बनवा. वेल्डिंगवाचून काही अडत नाही. पण उंच स्टँड बनवू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

मी कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहते. माझा पहिला स्टँड तुमच्या डोक्यात आहे तसाच होता, तीन पायऱ्यांचा. सगळ्यात वर गरम पाण्याचं भांडं, मधे माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) भिजवायचं, खाली उकळायचं. पाणी आपल्या वजनानं खाली उतरतं, पंप लागत नाही, कागदावर फार सुरेख दिसतं. वरच्या भांड्याचा तळ पाच फुटांवर होता, म्हणजे काठ माझ्या डोक्याच्याही वर. एका सकाळी थर्मामीटर बघायला स्टुलावर चढले, स्टूल हललं आणि तोल सावरताना माझा हात सिलिकॉनच्या नळीवर पडला. नळी व्हॉल्व्हवरून निसटली. ७७ अंश सेल्सियसचं पाणी कोपरापासून मनगटापर्यंत आलं. मी बाजूला उडी मारली म्हणून हातावर निभावलं. अंगावर आलं असतं तर काय झालं असतं, हा विचार आजही येतो. त्याच आठवड्यात तो स्टँड मी कापून टाकला.

माझं माहेर कोल्हापूरजवळचं, आजोबांचं गुऱ्हाळ होतं. हात बरा होईपर्यंत मला ते गुऱ्हाळच आठवत होतं. काहिलीत शेकडो लिटर रस उकळतो, पण चुलवाण जमिनीत खणलेलं असतं आणि काहिलीचा काठ माणसाच्या कमरेच्या खालीच राहतो. गुळव्या वरून खाली बघतो, मळी काढतो, ढवळतो. उकळत्या रसाखाली कुणी उभंच राहत नाही. कित्येक पिढ्यांनी भाजून घेऊन शिकलेली गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी पाच फुटांवर पाणी तापवत होते. दुसरा स्टँड बनवताना मी एकच नियम पाळला: कुठल्याही भांड्याचा काठ कमरेच्या वर जाणार नाही.

आता वजनाचा हिशेब करा. पाच गॅलनची बिअर हवी तर उकळायला सुरुवातीला साधारण सात गॅलन वर्ट (माल्ट भिजवून काढलेलं गोड पाणी) लागतो, म्हणजे २६-२७ लिटर. माल्टमधली साखर धरून हे २८ किलोच्या आसपास जातं, त्यात स्टीलचं भांडं. दुसऱ्या भांड्यात तेवढंच पाणी. तिसऱ्यात पाणी आणि पाच-सहा किलो ओला माल्ट. सगळं मिळून नव्वद-शंभर किलो उकळतं किंवा उकळत आलेलं ओझं तुमच्या जोडकामावर बसणार आहे. म्हणून लांब, बुटका आणि पाय पसरलेला स्टँड. माझा पाच फूट लांब, वीस इंच रुंद आणि वीस इंच उंच आहे. दहा गॅलनचं भांडं सोळा-सतरा इंच उंच असतं, म्हणजे काठ तीन फुटांच्या आसपास येतो.

भांडी तीन असली तरी बर्नर दोनच पुरतात. माल्ट ६७ अंशांच्या आसपास तासभर मुरवायचा असतो, त्याला खालून आच देण्याची गरज नाही. सहलीला नेतात तो दहा गॅलनचा गोल इन्सुलेटेड कूलर घ्या, तासाभरात त्यात एखाद-दुसराच अंश उतरतो. तो स्टँडच्या एका टोकाला ठेवायचा आणि त्याच्या व बर्नरच्या मधे पत्रा उभा लावायचा, नाहीतर प्लॅस्टिक मऊ पडतं. पाणी सपाटीवरून हलवायला छोटा पंप लागेल. चुंबकावर फिरणारे, गरम पाणी सोसणारे, खाद्यपदार्थांना चालणारे पंप इथे होमब्रूच्या दुकानात सहज मिळतात. हे पंप स्वतः पाणी ओढून घेत नाहीत, म्हणून ते भांड्याच्या तोटीच्या खालीच बसवा आणि सुरू करण्याआधी नळी पाण्यानं भरू द्या. धार कमी करायची तर पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह आवळा, मागचा कधीच नाही. विजेचा जोड जमिनीजवळ आणि ओल्यात असणार, तेव्हा गळती होताच बंद पडणाऱ्या सुरक्षित सॉकेटवरूनच घ्या. पंपाचा खर्च जड वाटेल. माझा हात दुखावला तेव्हाचं डॉक्टरांचं बिल त्याच्या कितीतरी पट होतं.

लोखंडाबद्दल. जुन्या पलंगाचे अँगल फुकट मिळतात आणि पुष्कळजण तेच वापरायला सांगतात. ते पोलाद फार कडक असतं. ड्रिलची पाती बोथट होतात, भोक पडत नाही, आणि जोर लावला की पातं घसरून हातात घुसतं. त्यापेक्षा दोन इंची चौकोनी पाइप किंवा दीड-दोन इंची नवा अँगल घ्या, दुकानदाराकडूनच मापात कापून घ्या आणि कोपऱ्यांना तिरप्या पट्ट्या टाकून नट-बोल्टांनी जोडा. प्रत्येक जोडाला दोन बोल्ट. एकाच बोल्टवर चौकट कातरीसारखी दुमडते. तिरप्या पट्टीशिवाय स्टँड उभा राहतो, पण धक्क्याला डोलतो, आणि उकळतं भांडं डोललेलं चालत नाही.

जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड ज्योतीजवळ नको आणि वेल्डिंगला तर नकोच. जस्ताच्या धुरानं काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, वेल्डर लोकांना हा त्रास चांगला ठाऊक असतो. दूरच्या पायांना तो मुलामा असला तर हरकत नाही. रंग द्यायचा तर बार्बेक्यूच्या शेगडीचा उष्णता सोसणारा द्या. बर्नरच्या अगदी लगत तोही उडेलच, ते मनावर घेऊ नका. आणि चाकं? मी लावली नाहीत. उकळतं भांडं घेऊन स्टँड ढकलायचा मोह चाकांमुळेच होतो.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, सिमेंटचे ब्लॉक रचा आणि वर भांडं ठेवा. ज्योत थेट लागली की काँक्रीटमधली ओल वाफ होते आणि त्याचे टवके उडतात. खाली ब्लॉक फुटणं आणि वर सात गॅलन उकळता वर्ट, हे गणित मला झेपत नाही. घराच्या ड्राइव्हवेलाही तेच लागू आहे, म्हणून बर्नरच्या खाली मी एक पत्रा आडवा टांगलाय. लाकडी डेकवर तर हा प्रकार मुळीच करू नका.

आता बर्नर. दोन लाख बीटीयूच्या जाहिराती वाचून माणूस हरखून जातो, म्हणून हा हिशेब करून बघा. २६.५ लिटर पाणी १५ अंशांवरून ९५ अंशांवर न्यायला सुमारे ८,४०० बीटीयू लागतात. (९५ का, तर आम्ही पाच हजार फुटांवर आहोत, इथे पाणी तेवढ्यावरच उकळतं. त्यामुळे हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा, कडवटपणा जरा कमी उतरतो आणि मी ते थोडे जास्त घालते.) उघड्या बर्नरची निम्म्याहून जास्त उष्णता भांड्याच्या कडेनं आभाळात जाते. एक तृतीयांशच पाण्यात गेली असं धरलं, तरी ताशी ६०,००० बीटीयूचा बर्नर पंचवीस मिनिटांत उकळी आणतो. विजेवर करणारे लोक ५,५०० वॅटच्या कॉइलवर एवढाच घाणा आरामात उकळतात, आणि ती कॉइल ताशी जेमतेम १९,००० बीटीयूची असते, फक्त ती पाण्यात बुडालेली असल्यामुळे काही वाया जात नाही. म्हणजे ६० ते ७५ हजारांचा बर्नर तुम्हाला भरपूर झाला. फार मोठा घेतलात तर गॅस जळेल, भांड्याच्या मुठी तापतील आणि वर्ट तळाला लागेल.

रेग्युलेटरवर मात्र पैसे वाचवू नका. भारतातल्या घरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर अगदी कमी दाबाचा असतो आणि इथल्या बार्बेक्यूचाही तसाच. असे मोठे बर्नर बहुधा जास्त दाबावर चालतात, त्यांना कमीजास्त करता येणारा उच्च दाबाचा रेग्युलेटर लागतो. बर्नर ज्या दाबासाठी आणि ज्या गॅससाठी बनलाय त्याचाच जेट (गॅस बाहेर पडतो ते बारीक भोकाचं तोंड) आणि त्याचाच रेग्युलेटर वापरा. नैसर्गिक वायूच्या जेटचं भोक मोठं असतं. ते प्रोपेनला लावलंत तर भांड्याभोवती पिवळा भडका उठेल.

ज्योत कशी हवी? निळी, आणि भांड्याच्या तळाला टेकून पसरणारी. पिवळी टोकं दिसली तर हवा कमी पडतेय. बर्नरच्या मागची हवेची झडप उघडा, उंचावर राहणाऱ्यांना ती आणखी उघडावी लागते. बर्नर आणि तळ यांच्यात माझ्याकडे चार इंच अंतर आहे. आधी दोन इंच ठेवलं होतं, तर ज्योत थंड तळाला आदळून गुदमरायची, भांडं काजळीनं माखायचं. काजळी दिसते, पण तिच्यासोबत कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो आणि तो ना दिसतो ना वास येतो. म्हणून गॅरेजच्या आत नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही, तळघरात तर कधीच नाही. बाहेर वारा त्रास देतो, त्याला तीन बाजूंनी पत्रा लावा, चौथी बाजू मोकळी ठेवा.

प्रत्येक हंगामात सुरू करण्याआधी बर्नरची नळी उघडून आतून साफ करा. कोळी तिथे हटकून जाळं विणतात. एवढ्याशा जाळ्यानं हवा अडते आणि ज्योत उलट मागे, जेटकडे पेटते. मला हे एका शेजाऱ्यानं वेळेवर सांगितलं.

गॅसचे जोड दोन प्रकारचे असतात. आटे निमुळते असतील तिथे गॅससाठीची पिवळी टेप गुंडाळायची. तोंड पसरलेलं असेल तिथे धातूवर धातू बसूनच तो बंद होतो, तिथे टेप लावलीत तर उलट गळेल. सगळं जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो, गळाला तर वर उडून जात नाही, खळग्यात साचून राहतो. नळी स्टीलच्या जाळीची घ्या आणि ज्योतीच्या धगीपासून लांब, स्टँडच्या बाहेरच्या अंगानं न्या. सिलिंडर नेहमी उभा. जोरात चालू असताना त्याच्या अंगावर दव किंवा बर्फ धरला तर घाबरू नका, आत द्रवाची वाफ होताना तो गारठतो. पण त्याला गरम करायला ज्योत मात्र जवळ नेऊ नका. माझा २० पौंडी भरलेला सिलिंडर सहा-सात घाण्यांना पुरतो.

भांड्यांसाठी काहीजण बिअरचे जुने केग, म्हणजे स्टीलची पिंपं, कापतात. रस्त्यावर मिळालेला किंवा अनामत भरून आणलेला केग ब्रुअरीच्या मालकीचा असतो, तो कापायचा नाही. रीतसर विकत घेतलेला असेल तर आधी आतला दाब पूर्ण काढा, मगच ग्राइंडर लावा.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी: अमेरिकेत १९७९पासून केंद्रीय कायद्यानं स्वतःपुरती बिअर घरी करायला मुभा आहे, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, विक्रीला नाही. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, तेव्हा तिथे हे करू नका.

स्टँड तयार झाला की लगेच माल्ट आणू नका. आधी दोन्ही भांडी नुसत्या थंड पाण्यानं काठोकाठ भरा आणि स्टँडला चारी बाजूंनी कंबरेनं धक्का द्या. कुठे कुरकुरलं तर तिथला बोल्ट आवळा किंवा आणखी एक तिरपी पट्टी टाका. मग पाणी सात गॅलनवर आणून उकळा, घड्याळ लावा, तासाभरात किती आटतं ते लिहून ठेवा. माझ्याकडे गॅलनभर आटतं, तुमच्याकडे वेगळं असेल, आणि पहिल्या खऱ्या घाण्याचं पाणी त्याच आकड्यावर ठरेल. तेव्हाच उतू जाण्याची जागाही बघून ठेवा. वर्ट उकळी धरताना अचानक फुगतो, अगदी रसासारखा, त्या पाच मिनिटांत भांड्यापासून हलायचं नाही आणि हात रेग्युलेटरच्या खुंटीवर हवा. शेवटच्या पंधरा मिनिटांत आयरिश मॉस म्हणजे वाळलेलं समुद्री शेवाळ चिमूटभर टाका, गाळ खाली बसतो. आजोबांकडे रस निवळायला भेंडीचं चिकट पाणी घालायचे, काम तेच.

तुमचं भांडं किती गॅलनचं आहे आणि तळाचा व्यास किती, ते खाली लिहा. त्यावरून आडव्या पट्ट्यांमधलं अंतर सांगते.