उल्का परत अवकाशात जाते का?

प्रश्न: उल्का वातावरणात शिरली की जळते किंवा खाली पडते ना, मग काही परत जातात म्हणे, ते कसं काय?

उत्तर: हो, जातात, पण क्वचितच. सगळा खेळ अँगलचा आहे, उल्का एकदम तिरपी, जवळजवळ आडवीच आली तर ती फक्त वरच्या विरळ हवेतून घासून जाते आणि स्पीड इतका असतो की पृथ्वीला तिला ओढून ठेवता येत नाही. 10 ऑगस्ट 1972 ला अमेरिकेतल्या युटापासून कॅनडापर्यंत अशीच एक गेली, भर दिवसा दिसली लोकांना! जमिनीपासून साधारण 57 किमीवर होती, सेकंदाला 15 किमी वेग. थोडीफार जळते, वेग जरा कमी होतो आणि सूर्याभोवतीची कक्षाही बदलते. पाण्यावर दगड टप्पा खाऊन उडतो तशी उल्का हवेवरून उडते वगैरे म्हणतात ते मात्र खरं नाही, ती आरपार निघून जाते.