बी मोडमध्ये पाय उचलल्यावर मागचा ब्रेक लाइट लागतो का?

तुमचा प्रश्न असा, की हायब्रिड गाडी बी मोडला (गिअर लिव्हरवरची 'B' खूण) टाकून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ती ब्रेक दाबल्यासारखी मंदावते, मग मागून येणाऱ्याला ते कळतं का? मी स्वतः हायब्रिड चालवतो आणि ही शंका मलाही आली होती. दिवा मोड कोणता आहे हे बघून लागत नाही, गाडी किती झपाट्याने मंदावतेय यावर लागतो.

साध्या ब्रेकचं गणित सोपं आहे. पेडलला एक स्विच असतो. पाय जरा टेकला की दिवा लागतो, मग ब्रेकचे पॅड चिकटोत वा न चिकटोत. पाय उचलून होणाऱ्या रिजनरेटिव्ह ब्रेकिंगमध्ये (थोडक्यात रिजन: मोटर जनरेटरसारखी फिरून गाडी मंदावते आणि बॅटरी भरते) पाय ब्रेक पेडलवर नसतोच, त्यामुळे दिव्याचा निर्णय कॉम्प्युटरला घ्यावा लागतो. युरोप, जपान आणि इतर बऱ्याच देशांत लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या नियमात त्यासाठी आकडे दिलेत. पाय उचलल्यामुळे येणारं मंदन ०.७ मीटर प्रति सेकंद वर्गापर्यंत असेल तर दिवा लावायचा नाही. १.३ च्या वर गेलं तर लावलाच पाहिजे. मधला पट्टा कंपनीच्या मर्जीवर. अमेरिकेतला नियम अशा मंदनाला दिवा लावायची मुभा देतो, सक्ती करत नाही.

०.७ म्हणजे दर सेकंदाला वेग साधारण अडीच किलोमीटरने कमी होणं आणि १.३ म्हणजे पावणेपाच किलोमीटरने. ६० च्या वेगावरून १.३ ने मंदावत गेलात तर थांबायला तेरा सेकंदांच्या आसपास लागतात आणि शंभराहून जास्त मीटर जातात. मागचा माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून बसला नसेल तर त्याला एवढा वेळ पुरतो. आणि मॅन्युअल गाडीत चौथ्यावरून तिसरा गिअर टाकून गाडी मंद करतो तेव्हा तरी मागे कुठे दिवा लागतो? त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली मी ऐकलेली नाही.

आता बी मोड. टोयोटा प्रियससारख्या हायब्रिड गाडीत तो मुळात लांब उतारासाठी आहे. मोटर बॅटरी भरते आणि जोडीला इंजिन इंधन न जाळता फिरवलं जातं, त्याचा रोध मिळतो. सपाट रस्त्यावर हे साधारण एक गिअर खाली टाकल्यासारखं वाटतं, त्यामुळे दिवा लागेल असं धरून चालू नका. उतारावर तर मोटर जोरात ओढत असली तरी वेग स्थिरच असतो. मंदनच नाही, मग दिवा कशाला लागेल? निसान नोट ई-पॉवर या हायब्रिडचं तसं नाही. तिच्यात काही मोडमध्ये नुसता पाय उचलून गाडी बरीच जोरात मंदावते, आणि तिथे दिवा लागतो. स्टिअरिंगमागच्या पॅडलने (छोट्या पट्टीने) रिजनचे टप्पे बदलता येणाऱ्या गाड्यांतही वरच्या टप्प्यांवर लागू शकतो.

खरी गोम अर्धवट उचललेल्या पायात आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठी चाचण्या करणाऱ्या संस्थेने ह्युंदाई-किया गटाच्या काही इलेक्ट्रिक गाड्यांबाबत हेच दाखवून दिलं होतं. एका पेडलवर (वेग वाढवणं-कमी करणं दोन्ही ॲक्सिलरेटरनेच) चालवताना पाय त्यावर किंचित जरी टेकलेला राहिला, तर गाडी जवळजवळ थांबेपर्यंत मंदावायची आणि मागे अंधारच. त्या गाड्या हायब्रिड नव्हत्या, पण प्रश्न तोच.

तुमच्या गाडीचं बघायचं तर तिच्या माहितीपुस्तिकेत ब्रेक लाइटचा उल्लेख शोधा. नाहीतर रात्री मोकळ्या रस्त्यावर आरशात नजर टाका. वरचा तिसरा ब्रेक लाइट लागला की मागच्या काचेच्या कडेला आणि वायपरवर लालसर झाक येते. त्याहून खात्रीचं म्हणजे मागच्या गाडीत बसलेल्या कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा आणि तुम्ही पाय एकदा पूर्ण, एकदा अर्धा उचलून बघा. बॅटरी काठोकाठ भरलेली असताना मात्र ही चाचणी नको. तेव्हा रिजन आपोआप कमी होतं आणि निकाल फसवा येतो.

माझी सवय सांगतो. मागे कोणी चिकटून येत असेल तर पाय उचलतानाच ब्रेक पेडलला हलकासा स्पर्श करतो. बहुतेक हायब्रिडमध्ये हलक्या दाबाला आधी मोटरच काम करते, त्यामुळे वीजही वाया जात नाही आणि दिवा हमखास लागतो.